जिन्यातले सव्वादहा

“वरच्या मावशींना आधी सांगून ठेव. एकट्या असतात गं,” आईने फोनवर बजावलं होतं. थोरलीने ते उडवून लावलं. धाकट्या भावाची चार मिनिटांची तर फिल्म! एक बाई त्याच त्या वेळेत अडकते, एवढीच गोष्ट. बाई म्हणजे थोरली स्वतः. पिशवी फाटणार, टोमॅटो जिन्यावरून गडगडणार, ती कपाळाला हात लावणार, संपलं. मावशींना पत्ताही लागणार नाही!

पहिल्यांदा पिशवी फाटलीच नाही. मग टोमॅटो भलतीकडेच गेले. मग ऐन वेळी धाकट्याला शिंक आली. दर खेपेला तो जिन्यातलं घड्याळ मागे फिरवून सव्वादहावर आणायचा, आणि थोरली घरात पळत जाऊन आपल्या झोपलेल्या बाळाच्या नाकापुढे बोट धरून यायची. श्वास चालू? चला, पुन्हा टोमॅटो!

अशाच एका खेपेला ती दाराबाहेर आली, तर खालच्या पायरीवर मावशी टोपली धरून उभ्या.

“आता फाटेल बघ,” त्या म्हणाल्या.

फाटली. मावशींनी बरेचसे टोमॅटो टोपलीत झेलले आणि हळूच विचारलं, “तुझ्याही लक्षात आलंय ना? सकाळपासून सव्वादहाच वाजतायत.”

आधी त्यांना वाटलं होतं, आपलंच डोकं फिरलं. मग कुतूहल चाळवलं. कुठला टोमॅटो कुठल्या पायरीवर थांबेल, याचे अंदाज बांधत त्या दाराच्या फटीतून बघत राहिल्या. आणि खात्री पटल्यावर?

“चहा घेतला. दर सव्वादहाला एक, चांगली साखर घालून. म्हटलं, दिवसच पुसला जातोय, तर साखर कुठे अंगी लागणार?”

डॉक्टरांनी मावशींची साखर केव्हाच बंद केली होती! धाकट्याने कॅमेरा दाखवत सगळं सांगितलं. मावशींचा चेहराच उतरला.

“म्हणजे प्यायलेला चहा प्यायलेलाच?”

डॉक्टरांना फोन झाला, तिघांनाही बोलणी बसली, साखर दोनदा तपासली. थोरली बाळाला कडेवर घेऊन दिवसभर वरच ठाण मांडून बसली. संध्याकाळी आकडा उतरला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिघांनी मिळून चित्रीकरण पाहिलं. शेवटचा सोडला तर प्रत्येक तुकड्यात, अगदी कोपऱ्यात, वरचं दार किलकिलं होतं आणि फटीत एक डोळा होता. एकाही खेपेला कुणी मान वर केली नव्हती.

तुमच्या जिन्यातही असं एखादं दार असेल. हे वाचून झालं की जरा वर जाऊन या. चहा मिळेल. साखरेचा डबा मात्र तुमच्या हाताशी ठेवा.