ठेवून घ्या!

फ्रिज कसा वापरावा हे आख्ख्या लोणावळ्यात मला एकट्याला कळतं, असं माझं प्रामाणिक मत होतं. होतं म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत! मी शाळेत विज्ञान शिकवतो. हवेचं अभिसरण हा तर माझा हातखंडा धडा!

आमचा फ्रिज जुना, एकदारी. रुचिर, आमचा मुलगा, त्याच्याच दाराला धरून पहिल्यांदा उभा राहिला. त्यामुळे माझा फ्रिजवर फार जीव. तर त्यात एक दिवस दूध नासलं आणि रुचिरने पुण्याहून फोनवर निकाल दिला.

"बाबा, रविवारी संध्याकाळी येतोय. गार होत नसेल तर नवीन घ्यायचा. चर्चा नाही!"

"त्याला काही झालेलं नाही. तो गुदमरलाय! तुझ्या आईने आत हवेला फिरायला जागा ठेवलीय का?"

"मी ऐकतेय हं!" स्वयंपाकघरातून अरुंधती म्हणाली.

मी बेत आखला. रविवारी फ्रिज बंद करायचा, रिकामा करायचा, बर्फ वितळवायचा, घासूनपुसून लख्ख करायचा आणि संध्याकाळी रुचिरच्या हातात गारेगार पाण्याची बाटली ठेवायची. मग तो नव्या फ्रिजचं नावच काढणार नाही!

त्या दिवशी अरुंधती तळेगावला बहिणीकडे निघाली होती. जाताना दारातून म्हणाली, "अहो, काहीही करा, पण सायीचं पातेलं सांभाळा. रुचिरला तूप कढवून द्यायचंय."

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

फ्रिज बंद केला आणि एकेक वस्तू बाहेर यायला लागली. वाटीत वाटी, डब्यात डबा. एका चटणीची तर शेवटपर्यंत ओळख पटली नाही! हे सगळं बाहेर ठेवलं तर टिकणार कसं? शेजारी कशाला असतात? मी सायीचं पातेलं उचललं आणि समोरच्या राजेश्वरीवहिनींची बेल वाजवली.

"वहिनी, हे जरा ठेवून घ्या."

"अय्या भावजी! एवढी सगळी साय?"

"घ्या हो! आपल्यात संकोच कसला?"

वरच्या मजल्यावरच्या चैतालीला श्रीखंडाचा डबा नेऊन दिला. "काका, खरंच ठेवून घेऊ?" "बिनधास्त ठेव!" बाकीचे डबे असेच घरोघरी पोचवले. ज्याला त्याला आनंदच होत होता. एवढी आपुलकी बघून मला अगदी भरून आलं!

मी परत आलो तर आमच्याकडे दूध घालणाऱ्या, औंढे गावच्या रतनबाई दारात उभ्या.

"मास्तर, फ्रीज इकायला काडलाय व्हय?"

"छे हो! साफ करतोय."

"झ्याक हाय. आमच्यात कुटं आलाय फ्रीज? उरल्यालं दूध सांजच्याला नासून जातंय." जाताना त्यांनी फ्रिजवरून एकदा हात फिरवला.

मग मी कामाला लागलो. सोड्याच्या पाण्याने आतून पुसला. दाराचं रबर जुन्या टूथब्रशने घासलं. मागच्या जाळीवरची धूळ झाडली आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवला. मागे रुचिरचा शाळेत हरवलेला कर्कटक सापडला! दारात कागद अडकवून ओढून बघितला, निघता निघेना, म्हणजे रबर एकदम घट्ट! फ्रिज सुरू केला. दुपार सरेपर्यंत आत गारवा भरला. आत फक्त पाण्याची एक बाटली. मी दार उघडून बघतच राहिलो. दार सारखं उघडू नये, हे वर्गात मीच सांगतो!

संध्याकाळी अरुंधती आली. "साय कुठाय?"

"वहिनींकडे सुखरूप!" म्हणत मी पातेलं आणायला गेलो.

राजेश्वरीवहिनींनी पातेलं हातात दिलं. चटका बसला! आत वाफाळता शिरा.

"भावजी, काय सुंदर साय हो! लगेच लोणी काढलं, कढवलं आणि सगळं तूप शिऱ्यात!"

"अहो वहिनी!" मी एवढ्याने ओरडलो की संध्याकाळचं दूध घालायला आलेल्या रतनबाई जिन्यात थबकल्या. "ठेवायला दिलेली वस्तू कुणी खातं का?"

"तुम्हीच म्हणालात की, ठेवून घ्या!"

मी मराठी शिकवत नाही, त्याचा हा परिणाम. सांभाळायला दिलं तरी 'ठेवून घ्या' आणि कायमचं दिलं तरी 'ठेवून घ्या'!

तेवढ्यात चैताली खाली आली. श्रीखंडाच्या डब्यात ढोकळा! "काका, डबा रिकामा कसा द्यायचा?" मग रांगच लागली. उसळ, खीर, मसालेभात. एकाही घरातून रिकामा डबा आला नाही! सगळं गरम, आणि घाबरून मी सगळं तसंच फ्रिजमध्ये कोंबलं. दार लागेना. शेवटी स्टूल टेकवलं.

रुचिर आला. स्टूल बाजूला केलं. ढोकळ्याचा डबा पायावर पडला आणि आतून कोमट वाफ तोंडावर आली.

"बाबा," शांतपणे मोबाइल काढत तो म्हणाला, "डबल डोअर घेतोय."

नवा फ्रिज आला. जुना रतनबाईंना द्यावा असं अरुंधतीनेच सुचवलं. टेम्पोत चढवताना माझे डोळे भरून आले. मी दोनच शब्द बोललो, "ठेवून घ्या."

परवा सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. टेम्पोत आमचा फ्रिज आणि शेजारी त्याला धरून बसलेल्या रतनबाई!

"मास्तर, लय दिस झालं, न्यायला आला न्हाई तुमी. म्हनलं आपुनच पोचवावा. ठिवायला दिल्याली वस्तू वापरनारी मी न्हवं! त्या दिशी सायीपायी केवडं वरडला तुमी! प्लग सुदीक लावला न्हाई बगा. नुसता रोज पुसून ठिवला."

घरी दूध नासत होतं आणि ही बाई फ्रिज पुसून ठेवत होती, माझ्या एका ओरडण्यापायी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अरुंधतीने पुढे होऊन दार उघडलं. आत खरवस, कोवळी काकडी आणि पातेलंभर साय.

"हे काय, रतनबाई?"

"आता भांडं रिकामं कसं परत करायचं, वैनी?"

तर आज फ्रिज पुन्हा औंढ्याला निघालाय. तोही रिकामा कसा पाठवणार? अरुंधती सकाळपासून पुरणपोळ्या लाटतेय. मी भरभरून आत रचतोय, हवेला जागा न ठेवता! टेम्पोसोबत मीच जाणार आहे. मात्र तिथे गेल्यावर तोंड उघडायचं नाही, अशी मला घरून सक्त ताकीद आहे.