फाट्यावरचा अस्सल उकंडाबा

स्वतःच्या फोटोखाली बसून रोज भाकर खाणारा माणूस तुम्ही काही पाहिला नसेल. मी पाहिला आहे, आणि वर्षानुवर्षं पाहिला आहे, कारण तो फोटो माझ्या हॉटेलासमोरच होता. हॉटेल म्हणजे नावाला हो. दोन-चार बाकडी, एक भट्टी, वर टिनपत्रे. मेहकरहून जानेफळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा आहे. इथं एस.टी. थांबते, काळीपिवळी थांबते, आणि रस्त्यापलीकडे लोखंडी खांबांवर पर्यटनवाल्यांनी लावलेला भलामोठा बोर्ड होता. बोर्डावर उकंडाबा, दात काढून हसणारा.

ऊन डोक्यावर आलं की खरा उकंडाबा वावरातून यायचा, बोर्डावरच्या उकंडाबाच्या पायाशी बसायचा आणि फडकं सोडायचा. सकाळी थापलेली गारढोण भाकर, ठेचा, कांदा. एक घास खायचा, मान वर करून बोर्डाकडे पाहायचा. दुसरा घास, पुन्हा मान वर. एस.टी.तली माणसं खिडकीतून डोकी काढून कधी वरच्याला पाहत, कधी खालच्याला. मी इकडून ओरडायचो, "बा, किती पाहान स्वतःले? नजर लागन ना!"

तो ठेच्याचं बोट चाटून म्हणायचा, "अस्सल माल हाय, रफिक. अस्सल मालाले नजर लागत नसते."

हे 'अस्सल' त्याच्या तोंडात कसं आलं ते सांगतो. आमच्या गावात एक बारव आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. आत कोनाडे, खांबांवर नक्षी, मोठी देखणी. पण आम्हाला तिचं काय कौतुक! बाया तिथं पाणी भरायच्या, धुणं धुवायच्या, पोरं कमानीवरून उड्या मारायची, पोळ्याला बैल तिच्याच पाण्यानं धुतले जायचे. मग एक दिवस बुलढाण्याहून जीप आली आणि आमची बारव एकदम वारसा झाली.

जीपमधल्या साहेबाला बारवेपुढं उभा करायला गावातला माणूस पाहिजे होता. सरपंच सफारी घालून, काळा चष्मा लावून आधीच उभे! साहेब म्हणाले, "तुम्ही नको, जरा गावाकडचा वाटेल असा कोणी बघा." सरपंच भडकले, "म्हंजे मी काय अमेरिकेचा वाटतो का?" तेवढ्यात उकंडाबा फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन वावरातून येत होता. बीटी कापसाला फवारा लागतच नाही, असं बियाणं विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तरी ह्याच्या पाठीवरचा पंप काही उतरला नव्हता. साहेबांनी तो उतरवायला लावला, धोतर-मुंडासं नीट केलं, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "वा! हा अस्सल!"

झालं. सत्तरीला टेकलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी वा म्हटलं होतं. तेव्हापासून बानं अस्सलपणा असा धरला की सोडता सोडेना. त्याची पोरगी धाड गावी दिलेली आहे. ती बिचारी दिवाळीला बापाला पँटशर्ट घेऊन आली, तर हा म्हणतो, "पागल झाली का माय! मी पँट घातली त गावाचं पर्यटन बुडन!" डोळ्याला दिसेनासं झालं, डॉक्टरनं चष्मा सांगितला. "बोर्डावर चष्मा कोठी हाय?" म्हणून तोही घेतला नाही. पोरगी माझ्याकडं येऊन रडली. मी म्हटलं, "बाई, तुहा बाप आता तुहा राह्यला नाही, पर्यटन खात्याचा झाला."

बारवेचं म्हणाल, तर तिला कुंपण पडलं. कपडे धुण्यास मनाई, जनावरं धुण्यास मनाई, पोहण्यास मनाई. बाया हंडे घेऊन पार शाळेपलीकडच्या हापशीवर जाऊ लागल्या आणि रस्ताभर वारशाला शिव्या घालू लागल्या. बेकार हिंडणारी पोरं गाईड झाली. प्रत्येकाच्या गोष्टीतली राणी वेगळी, पण जीव द्यायला उडी मारायला प्रत्येक राणीला आमचीच बारव! मला तक्रार करायला तोंड नव्हतं. माझा चहा कधी नव्हे इतका खपत होता.

मग पर्यटकांना बारव पुरेना. त्यांना खेडं अनुभवायचं होतं. आम्ही इकडं वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून डोकं धरून बसलेलो, आणि पुण्याहून बाया गाडी करून कापूस वेचायला आल्या! साहजिकच अस्सल माणसाचं वावर निवडलं गेलं. मी चहाची किटली घेऊन गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी कापूस वेचला म्हणजे काय, झाड हलवून पाला, काडी, कच्चं बोंड, जे हाताला लागेल ते ओटीत घातलं आणि फोटो काढले.

एकीनं विचारलं, "काका, हा पारंपरिक कापूस ना?"

"हो ना बाई, अस्सल बीटी!"

"मग ह्याला कीड नसेल लागत?"

उकंडाबानं एक बोंड फोडून तिच्या पुढं धरलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. "हे पाहा. हेही अस्सल." बाई जी किंचाळली ती थेट गाडीत जाऊन बसली. गाडी गेल्यावर बा त्या कापसातला पाला-काडी निवडत बसला. मी परत निघालो तरी एकटाच निवडत होता.

शेवंतामाय असती तर तिनं ह्या पाहुण्यांना वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरूनच पिटाळलं असतं. शेवंतामाय म्हणजे ह्याची बायको. तिचा आवाज काय सांगू! ती गावातून ओरडली की फाट्यावर माझ्या हातातली कपबशी हलायची. आणि ओरडायची एकाच कारणानं. उकंडाबा जेवायला कधीच घरी वेळेवर जायचा नाही. कोणाच्या ओट्यावर टेकला की टेकला. मग ही पदर खोचून गावभर शोधत निघायची. दुसरी तिची तऱ्हा म्हणजे फोटोची धास्ती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पोरीच्या लग्नात कॅमेरेवाला मांडवात शिरला की माय भांड्यांच्या खोलीत. निवडणूक कार्डाच्या फोटोवाल्यालाही तिनं मागच्या दारानं गुंगारा दिला. एवढं जपूनही काविळीनं गेली, बोर्ड लागायच्या आधीच.

बोर्ड मग उन्हापावसात उभा राहून पार विटला. बाच्या मुंडाशाचा लाल रंग गुलाबी झाला. बोर्डाच्या पार कडेला कोण्या बाईचा कोपरापर्यंतचा, वर उचललेला हात होता, हिरव्या बांगड्या, लुगड्याचा जरासा काठ, आणि खाली 'या, आपलं स्वागत आहे.' एस.टी.तली लहान पोरं त्या हाताला टाटा करायची. तो हातही फिकट पडत चालला होता.

एक दिवस नवा साहेब आला. पोरगेलाच होता, स्वभावानं चांगला. माझ्या बाकड्यावर बसून त्यानं मोबाइलवर उकंडाबाला नव्या बोर्डाचं चित्र दाखवलं.

"काका, फोटो तोच, पण तुम्ही ह्याच्यात दुप्पट मोठे!"

बानं डोळे बारीक करून पाहिलं. "माहं डोकं त भोपयाएवढं केलं राजा!" मग मोबाइल आणखी जवळ घेतला. "आन हे बाजूचं कोठी गेलं?"

"बाजूचं साफ केलं. कोणाचा तरी हात मध्येच आला होता."

उकंडाबानं मोबाइल परत दिला. "नवा बोर्ड नाही पाह्यजे," म्हणाला आणि चहा तसाच टाकून उठून गेला. अस्सल माणसाला मोठेपणा नको झाला म्हणजे नवलच! मला वाटलं, भाव खाऊन राह्यला.

पण बोर्ड बदलायला माणसं आली, तर बा सकाळपासूनच खांबाला पाठ लावून बसलेला. मांडीवर भाकरीचं फडकं, गाठ न सोडलेली. उठायला तयार नाही. माणसं शिडी घेऊन ताटकळली, गाव जमलं. सरपंच खुशीत म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोकं सरकलं. मी तवाच सांगतलं होतं, मले उभं करा." कोणी हसलं, कोणी शिट्टी मारली. माझं टाळकं सटकलं. मी रस्ता ओलांडून गेलो आणि म्हटलं, "बा, उठा ना! इतका मोठा फोटो होऊन राह्यला तुमचा, आन तुमी काऊन अडून बसले? गावापुढं शोभा करून घेता का?"

"मले माहा फोटो कायले पाह्यजे बे?" तो उसळला. "माहं थोबाड मले ठाऊक नाही का?" मग बोट वर करून त्यानं बोर्डाची कड दाखवली. "तो हात कोनाचा हाय?"

मी वर पाहिलं. हिरव्या बांगड्या.

"शेवंती हाय थो," उकंडाबा म्हणाला. "फोटो काढून राह्यले होते तवा मांगून बोंबलत आली. भाकर थंडी होऊन राह्यली, तुमाले काही लाज हाय का नाही, म्हने. फोटोवाला मले म्हने हासा. त्याच्यानं कोन हासते? मी तिच्या शिव्या आयकून हासलो. कॅमेरा दिसला तशी पयाली. तोंड वाचवलं तिनं, हात सापडला."

 सरपंचांनी काळा चष्मा काढला.

"जिती होती तवर एक दिवस टायमावर जेवलो नाही, रफिक. रोज हात वर करून बोंबलत या लागे तिले. आता तिच्यापुढं बसून टायमावर जेवतो, तं तुमी तिले साफ करून राह्यले."

खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. शेवंतामायनं माझ्या आईच्या बाळंतपणात आमच्या घरी चूल सांभाळली होती, आणि तिचा हात इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होता. साहेब खाली बसला. नवा बोर्ड मंजूर होऊन आला होता, तो थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. पण तो म्हणाला, "काका, जुना तुम्ही घेऊन जा." बानं एकदा वर त्या हाताकडं पाहिलं आणि उठला.

बोर्डाचं जुनं फ्लेक्स खाली आलं. आमच्याकडं असलं फ्लेक्स म्हणजे कापसाच्या गंजीवर झाकायला उत्तम, म्हणून दोघं-तिघं लगेच पुढं सरसावले. उकंडाबानं कोणाला हात लावू दिला नाही. माझ्याकडून कांदा कापायची सुरी मागून घेतली, रस्त्याकडेला उकिडवा बसला आणि कापू लागला. आधी बारव कापून टाकली. मग स्वतःला कापून टाकलं, मुंडाशासकट, हसण्यासकट. ते एवढं मोठं धूड त्यानं माझ्या अंगावर फेकलं. "घे. तुह्या हॉटेलात मांगून पानी येते ना? लाव तिकळे. अस्सल हाय, गयनार नाही." आणि हाताची चिंचोळी पट्टी गुंडाळून काखेत मारून घरी गेला.

आता फाट्यावर नवा बोर्ड आहे. भोपळ्याएवढं डोकं, मागं निळंशार आभाळ. जुना उकंडाबा माझ्या हॉटेलाच्या मागच्या बाजूला पाणी अडवतो, आणि खरोखरच थेंब आत येऊ देत नाही. पर्यटक त्याच्यासोबतही फोटो काढतात. खरा उकंडाबा मात्र ऊन डोक्यावर आलं की फाट्याकडं फिरकत नाही. यंदा त्यानं चष्माही घेतला.

ईदेला मी शिरखुर्म्याचा डबा घेऊन दुपारी त्याच्या घरी गेलो. चुलीजवळच्या भिंतीला ती पट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती. खाली बा ताट घेऊन बसलेला. भाकर त्यानंच थापलेली, जाडीभरडी, एका बाजूनं करपलेली.

"बस, रफिक," तो म्हणाला. "पयले जेवू दे. नाही त शेवंती बोंबलन."

भाकरीतून अजून वाफ निघत होती.