शुद्धरावांचा क्षय

छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता शुद्धरावांना शुद्ध बोलण्याची अशी काही खोड जडली होती, की रस्त्यात कुणी ‘टेन्शन’ म्हटलं तरी ते वळून म्हणत, “ताण!”

बायको महिनाभर लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. आज ती, लेक, जावई आणि नात, सगळी येणार होती. काल फोनवर शुद्धरावांनी बजावलं होतं, “नातीच्या कानावर माझ्या तोंडून एकही अशुद्ध शब्द पडणार नाही!”

आणि सकाळी उठून बघतात तर उजवा गाल उशीसारखा टम्म!

“दाताला कीड लागलीय,” असं दातांचे डॉक्टर मागेच म्हणाले होते.

“कीड धान्याला लागते, डॉक्टर. माणसाला दंतक्षय होतो!” असं सुनावून शुद्धराव तसेच घरी आले होते.

रजा सांगायला त्यांनी साहेबांना फोन लावला. पण ‘दंत’ म्हणताना नेमकी अशी कळ आली, की त्याचा झाला नुसता ‘आं’, आणि ‘क्षय’ तेवढा खणखणीत बाहेर पडला.

“क्षय?” साहेब हादरले. “कधीपासून?”

“महिना झाला. आतून पार पोखरलंय.”

“अरे देवा! घरी सांगितलंत?”

“छे! उगाच जिवाला घोर. गोळी घेतो आणि दिवस ढकलतो.”

“अहो, आज तान्हं बाळ येणार ना घरी?”

“हो ना! आल्याबरोबर पापेच घेणार!”

साहेब भला माणूस. लेक लग्नाआधी त्याच छापखान्यात कामाला होती, त्यामुळे तिचा नंबर त्यांच्याकडे होताच.

दुपारी गाडी दाराशी थांबली. शुद्धराव हात पसरून धावले, तर काच सर्रकन वर! आत लेक रुमालात तोंड खुपसून रडतेय. जावई उतरले, पण फाटकाबाहेरच उभे राहिले.

“बाबा, रागावू नका. तुम्ही बरे झालात की बाळाला आणतो.”

शुद्धरावांनी फाटक गच्च धरलं. “का पण?”

“साहेबांचा फोन होता. तुम्हाला क्षय आहे ना?”

आता ‘दात दुखतोय’ म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण खोड कुठे जाते!

“आहे! पण ‘क्षय’ या शब्दाचे अर्थ पाहा. क्षय म्हणजे नाश, ऱ्हास, झीज. चंद्राचासुद्धा क्षय होतो!”

“चंद्राचं राहू द्या हो! तुम्ही औषध सुरू केलंत का?”

मागच्या काचेतून बायको कडाडली, “महिनाभर फोनवर ‘मजेत आहे’ म्हणताय! आणि ते खोकणं? ती सर्दी होती, नाही का?”

“ती सर्दीच होती गं!”

कोण ऐकतंय! जावई गाडीत बसले. इंजिन घुरघुरलं. तेवढ्यात काचेआड एक इवलीशी मूठ हलली, आणि शुद्धरावांचा धीरच सुटला. आता गेली ती कधी यायची? ते गाडीला जाऊन भिडले, दोन बोटांनी गाल ताणून तोंड काचेला लावलं आणि केकाटले, “किअका! आआ किअका!”

लेकीने डोळे पुसून काचेतून त्यांच्या तोंडात निरखून पाहिलं. “बाबा... किडका दात?”

आयुष्यात पहिल्यांदाच शुद्धरावांनी तो शब्द न सुधारता मान हलवली. जोरजोरात हलवली.

काच खाली आली. बायकोने कपाळावर हात मारला, लेक रडता रडता हसली आणि नात अखेर आजोबांच्या हातात आली. केवढी हलकी, केवढी ऊबदार! शुद्धरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता पहिला शब्द कोणता बोलावा, म्हणून त्यांनी विचारपूर्वक तोंड उघडलं.

नातीने मूठ आत घातली. नेमकी उजवीकडे.

त्यावर शुद्धराव जे बोलले ते अस्सल मराठी होतं, पण कुठल्याही शब्दकोशात सापडायचं नाही.