विष्णुपंतांच्या गाठोड्याचा जलप्रवास

प्रवासाला निघण्याच्या दिवशी माणसाने स्वतः निघावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझे वडील विष्णुपंत, म्हणजे आमचे अण्णा, तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते आणि संकेत, नियम, परिपत्रके यांचे त्यांना वावडे नव्हते. तरीही हा एक संकेत त्यांना पाळता आला नाही. त्याची हकिगत अशी.

आमचा जिल्हा निजामाकडून सुटला, मग हैदराबादेकडून मुंबई राज्यात आला. एवढ्या उलथापालथीत अण्णांची खुर्ची त्याच खिडकीखाली राहिली. दरख्वास्तीचा अर्ज झाला, रुखसतीची रजा झाली, एवढाच फरक. लहानपणी उर्दू शाळेत त्यांनी दुनियेतली सगळी बंदरे पाठ केली होती. अदन, सुएझ, पोर्ट सैद अशी ती ते जेवतानाही क्रमाने म्हणून दाखवीत. स्वतः पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे नळदुर्गाला पूर आलेली बोरी.

त्यांच्या छातीत कळ येऊ लागली तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, जे पाहायचे राहिले असेल ते आता लांबणीवर टाकू नका. अण्णांनी घरी येऊन पाय धुतले, पाणी प्याले आणि आईला म्हणाले, "बोटीत बसू."

रजेच्या अर्जावर कारण लिहावे लागते. लग्न, मयत, आजार आणि यात्रा ही कारणे कचेरीच्या ओळखीची होती. 'सहकुटुंब समुद्रपर्यटन' हे वाचून शिरस्तेदार नारायणरावांनी चष्मा पुसला. नारायणराव निजामीत पेशकार होते, आता शिरस्तेदार झाले होते. चष्मा तोच होता. मालवणला कुणी नातेवाईक नाही, मग मुंबईहून बोटीने मालवणला जायचे आणि त्याच बोटीने परत यायचे, हे कशासाठी, असे त्यांनी चारचौघांत विचारले. अण्णा म्हणाले, पाण्यासाठी. पाणी इथल्या आडात काय कमी आहे, असे विचारण्याची सोय नव्हती, कारण ते खरोखरच कमी होते. त्यामुळे रजा मंजूर झाली. शुक्रवारपासून.

शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल असतो आणि मुंबई पश्चिमेला आहे. मुंबई हलवणे शक्य नव्हते. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवतात. चांगल्या दिवशी, चांगल्या घटकेला, आपल्या वस्तूंचे गाठोडे जाण्याच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. गाठोडे निघाले की माणूस निघाला असे शास्त्र धरते. मग तो सवडीने, वाटेल त्या वारी घर सोडायला मोकळा होतो. आईने बुधवारी सकाळी अण्णांचे उपरणे, काळी टोपी, एक हळकुंड आणि सुपारी एका पंचात बांधली. गावाच्या पश्चिमेला, ओढ्यापलीकडे, एकच घर होते आणि ते नारायणरावांचे होते.

नारायणरावांनी गाठोडे दोन्ही हातांनी घेतले, देवघरापाशी पाटावर ठेवले, त्याला हळदकुंकू वाहिले आणि अण्णांच्या हातावर साखर घातली. प्रवास सुखाचा होवो म्हणाले. मग ते कचेरीत आले, कोट खुंटीला लावला आणि अण्णांना बोलावून घेतले.

"विष्णुपंत, तुम्ही आज सकाळी निघालात."

"होय. म्हणजे, प्रस्थान ठेवलं."

"ओढा ही गावची हद्द. हद्द ओलांडली म्हणजे मुख्यालय सोडलं. रजा तर शुक्रवारपासून आहे. आज कुणाच्या परवानगीनं गेलात?"

"नारायणराव, मी तुमच्या समोर बसलोय."

"तीच तर पंचाईत आहे," नारायणराव खालच्या आवाजात म्हणाले. "निघून गेलेल्या माणसानं हजेरीवर सही केलीय. हे आणखी एक झालं."

नारायणराव दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला विनवता येते. ते श्रद्धाळू होते, आणि त्यांची श्रद्धा पंचांग आणि नियमपुस्तक यांच्यात सारखी वाटलेली होती. त्यांनी स्वतःच एक तोड सुचवली. प्रस्थान खोटे होते असे अण्णांनी लिहून द्यावे. म्हणजे हजेरी खरी होईल आणि प्रकरण मिटेल. अण्णा घरी येऊन हे बोलले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला. समुद्रावर जायच्या तोंडावर आपले निघणेच खोटे असे कुणी सहीशिक्क्यानिशी लिहून देते का, एवढेच तिने विचारले. गाठोडे परत आणावे म्हटले, तर परत आणलेले प्रस्थान म्हणजे परत आलेला प्रवासी, आणि परत आलेल्याची रजा संपलेली. अण्णांनी लिहून दिले नाही.

प्रकरण साहेबांकडे गेले. साहेब पुण्याकडचे, तरुण आणि सुधारक होते. ते मोठ्याने हसले. मग त्यांना आठवले की, विलीन झालेल्या भागातल्या जनतेच्या भावना जपाव्यात असे वरून कळवलेले आहे. त्यांनी हसणे मागे घेतले आणि गावचे पंचांग पाहणाऱ्या जोशीबुवांचा अभिप्राय मागवला. जोशीबुवांनी कळवले की, ज्याचे प्रस्थान गेले तो गेला. मागे राहते ते केवळ शरीर, आणि त्याने काही काळ गावात राहायला दोष नाही. त्यावर साहेबांनी हुकूम काढला: 'विष्णुपंत हे बुधवार सकाळपासून मुख्यालयाबाहेर आहेत. त्यांचे शरीर कचेरीत आढळल्यास त्यास अभ्यागत समजावे.'

अण्णांच्या खुर्चीवर कल्याणप्पा नावाच्या धाकट्या कारकुनाला बसवण्यात आले. अण्णा बाहेर लिंबाखालच्या बाकावर, अर्जदारांच्या शेजारी बसले. कल्याणप्पाला कुठला कागद कुठे आहे हे माहीत नव्हते, म्हणून तो घटकेघटकेला बाहेर येऊन अण्णांना विचारी आणि अण्णा सांगत. दुपारनंतर शिपाई ईरण्णा मध्ये पडला.

"पंत, तुमी बोलू नगासा," तो म्हणाला. "तुमी गावात न्हाईत. मला लई बोलणं बसल."

शुक्रवार उजाडला. सोलापूरच्या मोटारीच्या थांब्यावर निम्मे गाव जमले होते. समुद्राला निघालेला माणूस आमच्या गावाने पाहिला नव्हता. कुणी बाटलीभर समुद्राचे पाणी मागितले, कुणी शंख मागितला. किराणा दुकानदार शिवलिंगप्पांना मीठ उगमापाशी काय भावाने पडते हे हवे होते. आमची ट्रंक टपावर चढली. आई आणि मी आत बसलो. अण्णांनी पायरीवर पाय ठेवला आणि ईरण्णा हुकूम घेऊन आला. विनापरवानगी मुख्यालय सोडल्याच्या चौकशीसाठी अण्णांच्या शरीराने मुख्यालय सोडू नये, असा तो हुकूम होता.

त्याच्यामागून नारायणराव स्वतः आले. अनवाणी. हातात आमचे गाठोडे होते.

"वहिनी," ते खिडकीशी येऊन आईला म्हणाले, "प्रस्थान अडवण्याचं पाप माझ्या हातून होणार नाही. गाठोडं रीतसर निघालंय. आता त्याची रजाही लागलीय. त्याला कुणाचा बाप थांबवू शकत नाही."

लोकांना हे पटले. हार आणलेले होते, ते कुणाला घालायचे एवढाच प्रश्न होता. निघालेल्याला घालावेत, असे ठरले. शिवलिंगप्पांनी पहिला हार गाठोड्याला घातला. हार घालायला जी रेटारेटी झाली तीत अण्णा मागे ढकलले गेले आणि त्यांची चप्पल तुटली.

आई उतरायला उठली. मी जात नाही म्हणाली. पेन्शनला थोडी वर्षे राहिली होती, माझे लग्न राहिले होते. हुकूम मोडून मोटारीत बसणारा माणूस अण्णांमध्ये नव्हता. त्यांनी गर्दीतून वाट काढून गाठोडे खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवले.

"निघालेलं परत फिरवू नये," ते म्हणाले. "तुम्ही जा. मी गेल्यासारखाच आहे."

मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना तपासनिसाने तीन तिकिटे आणि दोन बायका पाहून तिसरे तिकीट कुणाचे, असे विचारले. आईने गाठोडे पुढे केले आणि "ह्यांचं" म्हणाली. त्याने गाठोड्याकडे पाहिले, तिच्या कपाळाकडे पाहिले आणि वाट दिली. त्या धक्क्यावर रोज हजारो माणसे येतात. त्याने याहून विचित्र काही पाहिले असेल. चढताना लोक एकमेकांच्या अंगावर ट्रंका घालत होते, फळीवरून घसरत होते, जागेसाठी भांडत होते. आईने कठड्याशेजारची, पाण्याकडची जागा धरली आणि तिथे गाठोडे ठेवले. त्याला वारा लागेल म्हणून त्यावर पदर घेतला. मालवणपर्यंत आणि मालवणहून परत ती समुद्राकडे पाठ करून बसली होती, कारण तिला गाठोडे दिसायला हवे होते. मी समुद्र पाहिला. फार मोठा होता.

आम्ही परतलो. गाठोडे कामावर रुजू झाले आणि अण्णांना त्यांची खुर्ची मिळाली. गेलेला माणूस सुखरूप आला, सबब चौकशी बंद झाली. पुढल्या आठवड्यात गावच्या वाचनालयात त्यांचे जलप्रवासावर व्याख्यान ठेवण्यात आले. अण्णा नको म्हणत होते. पण प्रवास करून आलेल्या माणसाने अनुभव सांगायला नकार देणे हा उद्धटपणा ठरला असता. त्यांना बंदरे पाठ होती आणि वाचन चांगले होते. ते इतके सुरेख बोलले की श्रोत्यांपैकी दोघांना मळमळू लागले. शेवटी कुणीतरी समुद्राचा रंग नेमका कसा असतो, असे विचारले. अण्णांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं."

हे प्रकरण इथे थांबले असते. परंतु सरकारी हुकूम एकदा निघाला की दाखला होतो. पुढच्या टंचाईच्या दौऱ्यावर साहेबांनी आपला होल्डॉल, म्हणजे प्रवासातल्या अंथरुणाची वळकटी, पाठवला. जीपमध्ये तो पुढच्या जागेवर बसवला होता. मुरुमला व्यापाऱ्यांनी त्याचे स्वागत केले. जळकोटला गावकऱ्यांनी आटलेल्या विहिरींचे गाऱ्हाणे त्याच्यापुढे मांडले. इतके शांतपणे आमचे आजवर कुणी ऐकून घेतले नव्हते, असे तिथले लोक अजून सांगतात. सोनारीला मात्र थोडी कुरबूर झाली, कारण होल्डॉल जेवला नाही. मग मास्तरांनी शाळेत छत्र्या पाठवल्या. तपासणीला आलेल्या काठीने छत्र्यांची हजेरी समाधानकारक असल्याचा शेरा दिला. पुढाऱ्यांच्या टोप्यांनी पाझरतलावांच्या कोनशिला बसवल्या. त्या तलावांतही पाणी असल्याचे धरण्यात आले. कुणाचेच काही अडले नाही. कामे पूर्वीइतकीच होत होती, यावरून लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला नाही.

पुढल्या उन्हाळ्यात, पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी, अण्णांनी पुन्हा अर्ज केला. या वेळी प्रस्थान ठेवणार नाही, असे खाली लिहिले. नारायणरावांनी त्यांना शेजारी बसवून घेतले.

"पंत, समुद्र तुम्ही पाहिलाय. सगळं गाव साक्षी आहे. काय वर्णन केलंत तुम्ही! माझ्या घरच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एकाच माणसाला दोनदा समुद्र म्हणजे बाकीच्यांवर अन्याय नाही का?"

अण्णांनी अर्ज परत घेतला. त्यानंतरच्या उन्हाळ्यातही दिला, आणि त्यानंतरच्याही. उत्तर तेच आले. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा ते बरेच टिकले. बहुधा त्यांच्या अर्जाचा निर्णय प्रलंबित असल्यामुळे.

गेल्या माघात, खिडकीखालच्या त्या खुर्चीवर, लिहिता लिहिता ते गेले. या वेळी ते स्वतः गेले. परवानगीवाचून मुख्यालय सोडल्याची नोंद नारायणरावांनी केली. ती करताना ते ढसाढसा रडत होते, हे मी पाहिले आहे.

वाचनालयात शोकसभा झाली. सभागृह भरले होते. प्रत्येक खुर्चीवर एक टोपी, उपरणे, छत्री किंवा काठी होती. अध्यक्षस्थानी साहेबांचा होल्डॉल होता. माणसे म्हणाल तर आई, मी, कल्याणप्पा आणि ईरण्णा. नारायणरावांना प्रकृतीमुळे येणे जमले नाही. त्यांचा चष्मा पहिल्या रांगेत होता. त्यांचे भाषण ईरण्णाने अडखळत वाचले. त्यात अण्णांचा उल्लेख तालुक्यातले पहिले दर्यावर्दी असा केला होता. आईने मान खाली घातली. मी उठून काही सांगावे असे एकदा मनात आले. पण त्या टोप्यांना आणि छत्र्यांना काय सांगणार? मग दोन मिनिटे शांतता पाळण्यात आली. इतकी निर्दोष शांतता मी कुठल्याही सभेत पाहिलेली नाही. कुणी खोकले नाही, कुणी घड्याळ पाहिले नाही, आणि दुःख किती जणांना झाले ते खुर्च्या मोजून सांगता येत होते.

सभा संपल्यावर ईरण्णाने ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचवली. मागच्या रांगेतली एक छत्री तेवढी उरली. काळी, लाकडी मुठीची, जपून वापरलेली. ती गावातल्या कुणाचीच नाही. आम्ही ती घरी आणून ठेवली आहे. माझी खात्री आहे की ती तुमचीच असणार. इथवर वाचलेत म्हणजे तुम्हाला अण्णांविषयी वाईट वाटले आहे, आणि स्वतः येण्याची तुम्हाला सवड नव्हती. केव्हाही घेऊन जा. न्यायला तुम्ही स्वतःच यावे, असा आमचा आग्रह नाही.