पाहा : झाडेभाऊ

झाडेभाऊंच्या घरी साखरेचा डबा उघडला की आत साखर नसायची, कार्ड असायचं. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं, पांढरं, वळणदार अक्षरातलं : 'साखर. पाहा : गूळ.' गुळाच्या डब्यात गूळ निघाला तर आपलं नशीब. नाहीतर तिथे दुसरं कार्ड : 'गूळ. पाहा : बाजाराचा दिवस.' मी आणि आमचे हे एकदा त्यांच्या पिपरी मेघेच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा चहा करायला मी उठले आणि पाच डबे वाचून खाली बसले. शेवटी बिनसाखरेचा चहा प्यालो. झाडेभाऊंना त्यात काही गैर वाटलं नाही. डबा रिकामा होता, पण माणसाला पुढची वाट दाखवली होती ना? झालं तर मग.

गुणवंतराव झाडे आमच्या वर्ध्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नियतकालिक विभाग सांभाळायचे. म्हणजे देशभरातून येणारी संशोधनाची मासिकं, त्रैमासिकं, वार्षिकं. ग्रंथालयात एका विषयाला दोन नावं असली की एका नावाचं कार्ड दुसऱ्या नावाकडे पाठवतं. त्यावर लिहिलेलं असतं 'पाहा'. जवळचा आणखी एखादा विषय असला तर 'हेही पाहा'. इतर लोक ही कार्डं लाकडी कपाटाच्या खणात ठेवतात. झाडेभाऊंनी ती डोक्यात ठेवली होती.

सकाळी तब्येत विचारली की म्हणायचे, "तब्येत. पाहा : टोंगळे." टोंगळा म्हणजे गुडघा, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. शिपायाने एकदा विचारलं, लग्न काऊन नाई केलं जी? तेव्हा हातातला अंक खाली न ठेवता म्हणाले, "लग्न. पाहा : मोठा भाऊ. हेही पाहा : चार पुतण्या." शिपाई हसला, मीही हसले. समुद्रपूरकडे भावाची शेती होती आणि चारही पुतण्यांची लग्नं कोणाच्या पगारावर झाली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आता माझ्याबद्दलही सांगायला हवं, कारण या गोष्टीतलं गाढव मी आहे. नव्वद सालानंतर लवकरच मी तिथे लागले. माहेर कापडवाल्यांचं, सासरही कापडवाल्यांचं. कापूस मला ठाऊक होता तो त्याचा तागा झाल्यावर. पहिल्याच दिवशी झाडेभाऊंनी चाळीस अंकांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, बाई, यायचं कव्हरेज पाहून ठेवा. कोणत्या अंकात कोणकोणते विषय आलेत ते बघा, असा त्याचा अर्थ. मी खाकी कागद मागवला, डिंक मागवला आणि दुकानात पुडे बांधायचा सराव होताच, त्या जोरावर संध्याकाळपर्यंत चाळीसही अंकांना अशी घट्ट कव्हरं घातली की आत शेतीचं मासिक आहे की मानसशास्त्राचं, देवालाही ओळखता येऊ नये. झाडेभाऊ आले. एक अंक उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"आता याचा विषय एकच," म्हणाले. "खाकी कागद."

रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघं बसून कव्हरं काढत होतो.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. आलेला अंक ते आधी हुंगायचे, मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, आणि प्रत्येक लेखाचं कार्ड करायचे. इथवर कोणीही करेल. खरी गंमत त्याच्या पुढे होती. लेखातला विषय लोक ज्या नावाने विचारतील त्या प्रत्येक नावाचं ते वेगळं 'पाहा' कार्ड करायचे. पऱ्हाटी, पाहा : कापूस. फल्ली, पाहा : भुईमूग. सांभार, पाहा : कोथिंबीर. ढोरं, पाहा : पशुधन. भेदरं, पाहा : टमाटा. विद्वान लोक लेख लिहिताना 'कापूस' लिहितात, किंवा त्याहून भारी काही. पण शनिवारी बाहेरगावचे लोक आमच्या वाचनालयात यायचे, टोपी काढून विचारायचे, पऱ्हाटीवर काई आहे काय जी? 'प'च्या खणात काही सापडलं नाही की माणूस ओशाळून परत जायचा. झाडेभाऊंना ते सहन व्हायचं नाही.

"तो माणूस नाई चुकत, बाई," ते सांगायचे. "खण चुकते."

अशी कार्डं करून करून चार कपाटं भरली. मी त्यांना मनातल्या मनात खुळे म्हणायची. कधीकधी मनाच्या बाहेरही.

दोन हजार साल उलटलं आणि कॉलेजने डिजिटल ग्रंथालय करायचं ठरवलं. मी सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स करून आले होते. घरात तीन दिवस पेढे वाटले होते आणि प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलं होतं. नागपूरच्या एका कंपनीने प्रणाली करून दिली. तीत लेखाचं नाव लिहायचं, आणि शेजारी 'विषय' नावाच्या चौकोनावर बाण दाबायचा. चाळीसेक विषयांची यादी धप्पकन खाली पडायची, त्यातला एक निवडायचा. यादीत शेती एकच होती. नुसती 'शेती'. पऱ्हाटी नव्हती, फल्ली नव्हती, टोंगळे तर नव्हतेच.

झाडेभाऊ रोज माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, पऱ्हाटी बसते काय जी यायच्यात? मी मान न वळवता म्हणायची, "झाडेभाऊ, प्रणालीत तशी तरतूद नाही." इतकं शुद्ध मी माझ्या सासूशीही कधी बोलले नव्हते. ते म्हणायचे, बरं. आणि जाता जाता सांगायचे, की अंक उघडून पाहत जा, नुसत्या नावावर जाऊ नका. मी कशाला उघडते? दिवसाला दोनशे नावं टाइप करायची होती. बाण दाबला की काम झालं.

झाडेभाऊंची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला, आयुष्यातला पहिलाच असेल : माझी 'पाहा' कार्डं संगणकात घ्यावीत. प्राचार्य म्हणाले, उद्घाटनाला पाहुणे येताहेत, त्यांना दाखवू, ते म्हणाले तर घेऊ. नाहीतर खोली रिकामी करायची आहे, कपाटं रद्दीत. म्हणजे तीस वर्षांच्या कार्डांचा निकाल उद्घाटनाच्या दिवशी लागायचा होता. त्या दिवशी झाडेभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कार्डांचा एक नमुना-खण रुमालाने पुसून टेबलावर आणून ठेवला होता.

पाहुणे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मी नवी साडी सावरत संगणकापुढे बसले. प्राचार्यांनी पाहुण्यांना सांगितलं, कोणताही विषय सांगा. पाहुण्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, साम्यवादी चळवळ.

मी ऐटीत बाण दाबला. पडद्यावर एकच लेख आला : 'विदर्भातील लाल्याचा प्रसार : कारणे व उपाय'.

पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. या भागातल्या चळवळीवर कोणी काम केलंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लेखक कोण, अंक कुठे आहे, आत्ता बघता येईल का? झाडेभाऊ आत गेले, अंक घेऊन आले. पाहुण्यांनी पान उघडलं. पानावर कपाशीच्या लाल पडलेल्या पानाचा फोटो होता, आणि खाली फवारणीचं प्रमाण.

लाल्या हा कपाशीवरचा रोग. आमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही ठाऊक असतो. कापडवाल्यांच्या सुनेला नव्हता. तिने नाव वाचलं, 'लाल' वाचलं, 'प्रसार' वाचला, 'कारणे व उपाय' वाचून तर तिची खात्रीच पटली, आणि बाण दाबला.

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं? मी माऊसची वायर सरळ करायला घेतली. ती सरळच होती.

तेवढ्यात झाडेभाऊंचा आवाज आला. "चूक माही आहे, सर. कार्डावर विषय मीच लिहिलता. बाईनं कार्ड पाहून टाकला."

पाहुणे मोठ्यांदा हसले. सगळेच हसले. प्राचार्यांनी टेबलावरचा नमुना-खण हळूच बाजूला सारला आणि म्हणाले, झाडे, हीच कार्डं संगणकात घ्यायची म्हणता? झाडेभाऊंनी खण उचलून काखेत घेतला. अर्जाचा निकाल लागला होता. आणि खरं कार्ड, 'लाल्या. पाहा : कापूस, रोग', त्याच खणात होतं. मी नंतर उघडून पाहिलं.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. रडू येत होतं, पण नव्या साडीची लाज वाटत होती. खोटं कशाला बोललात, असं विचारलं.

"मले पंधरा दिवस राह्यले, बाई," ते म्हणाले. "तुमाले तेरा वर्षं."

पंधरा दिवसांनी शाल-श्रीफळ घेऊन ते गेले. रद्दीवाला दोनदा आला, दोन्ही वेळा मी त्याला कपाटांच्या किल्ल्या हरवल्यात असं सांगितलं. किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. मग मी प्रणालीचा प्रत्येक कोपरा धुंडाळला आणि 'टिपण' नावाचा एक चौकोन सापडला. त्यात काहीही लिहिलेलं चालत होतं, आणि शोधताना संगणक तिथेही बघत होता. कंपनीवाल्यांच्याही ते लक्षात नसावं. रोज घरी जायच्या आधी तासभर मी एकेक खण टिपणात ओतायला लागले. त्या निमित्ताने आयुष्यात पहिल्यांदा अंकही उघडले. गुडघ्यावरचे व्यायाम मी तेव्हा शिकले, ते आजही करते.

वर्ष-दीड वर्षाने पेन्शनच्या कसल्या दाखल्यासाठी झाडेभाऊ आले. मी त्यांना संगणकापुढे बसवलं आणि 'पऱ्हाटी' लिहून दाखवलं. खालपर्यंत रांग लागली. ते वाचत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता काही बोलतील.

"सांभारात कढीपत्ता काऊन आला?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा हजर. म्हणाले, मशीनची तपासणी कराले पाह्यजे. मग रोजच येऊ लागले. एका बोटाने टाइप करायचे, चूक सापडली की चिठ्ठी लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि एक वाजता निघून जायचे. हळूहळू चिठ्ठ्या कमी झाल्या. चुकाच उरल्या नाहीत. माणूस मात्र येत राहिला.

जे शब्द शोधून काहीच मिळालं नाही, त्यांची यादी संगणक वेळेसकट ठेवायचा. दर शनिवारी मी ती छापून काढायची आणि कोणतं टिपण राहिलं ते बघायची. मुलांचे शब्द असायचे : 'येणारा पेपर', कुठल्या नटीचं नाव, एकदा तर माझंच नाव आणि पुढे 'रागीट'. एका शनिवारी मी यादी वाचत होते. बुधवार, अकरा वाजून दहा मिनिटं : करमत नाही. अकरा बारा : करमत नाई. अकरा पंधरा : करमेना.

तिन्ही रूपं करून पाहिली होती. एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने बघावं, अगदी शिस्तीत. तिन्हींपुढे शून्य.

वाचकांसाठी संगणक एकच होता आणि अकरा ते एक त्यापुढे कोण बसतं, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. गुरुवारी तेच तीन शब्द. शुक्रवारी तेच.

मी यादीची घडी करून ठेवली. मागच्या खोलीत जुन्या अंकांचे गठ्ठे होते, माझ्याही आधीचे, सुतळीने बांधलेले, कोणी कधी न उघडलेले. रविवारी सुट्टी असते, तरी मी किल्ली मागून आत गेले, टेबल झाडलं, खिडकी उघडली. मग संगणकावर एक नवी नोंद केली.

सोमवारी अकराला झाडेभाऊ बसले. मी माझ्या टेबलावरून बघत होते, पण बघत नाही असं दाखवत होते, ते मला चांगलं जमतं. त्यांचं बोट हळूहळू चाललं. मग थांबलं. पडद्यावर या वेळी एक ओळ आली होती : 'जुने अंक, साठ गठ्ठे. विषय द्यायचे बाकी. ठिकाण : मागची खोली. दार उघडं आहे.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली असावी. मला मान दिसत होती, चेहरा नाही. मग खुर्ची मागे सरकली. माझ्याकडे न बघता, टोंगळ्यांवर हात देत ते उठले आणि मागे गेले. मग एक गठ्ठा ओढल्याचा आवाज, धुळीची शिंक, आणि पाठोपाठ हाक आली.

"बाई, सुतळी कापाले काई आहे काय जी?"

कात्री माझ्या हातातच होती.