भांडणाचं मूळ

परतवाड्याच्या इनायतुल्ला मास्तरांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. छत्तीस वर्षं उर्दू शिकवलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती.

"दादाजान, आज कोन्याच शब्दाचं मूळ काढाचं नाही," तहरीमनं बजावलं होतं. मागचा रिश्ता 'नाश्ता' हा शब्द कुठून आला यावरून मोडला होता.

या वेळचा शाकीब मात्र तहरीमच्या मनातला होता आणि राहायला होता केपटाउनला. होकार त्याच्या दादीच्या हाती. तिचं घराणं मूळ रत्नागिरीकडचं, त्यामुळे तिला मोडकीतोडकी मराठी यायची.

फोनवर दादी दिसली, शेजारी शाकीब. विचारपूस झाली. मग ती म्हणाली, "मास्तर, आमच्या आफ्रिकान्समध्ये भांडण्याला 'बाक्लेई' म्हणतात. आमचे हे मलय घराण्यातले. म्हणायचे, शब्द मलय. मी म्हणते, डच. तुम्ही सांगा."

मास्तरांच्या जिभेवर 'बखेडा' येऊन बसला. बखेड्याचंच बाक्लेई झालं, हे शेंबडं पोरही सांगेल! पण तहरीमनं डोळे वटारले. बखेडा गिळून ते म्हणाले, "तुमचे मियां म्हनत होते तेच बरोबर असंन."

दादीचा चेहरा पडला. "चाळीस वर्षं भांडले मी त्यांच्याशी. आणि तुम्ही एका मिनिटात त्यांना जिंकवलंत?" ती उठायलाच निघाली.

तहरीम रडकुंडीला आली. "बोला दादाजान! काय बोलाचं ते बोला!"

मग काय, बांधच फुटला. "आपा, मलय नाही अन् डचबी नाही. बखेडा हाय तो, आपला बखेडा!"

"छट्! डच!"

"कावून डच? पुरावा काय?"

पाऊण तास कोणी हार मानेना. अखेर शाकीबनं शब्दकोश उघडून वाचून दाखवलं. मूळ शब्द मलय, 'बरकेलाही'. डचांनी तिथूनच उचललेला.

आपल्या जिभेपायी पोरीचा संसार गेला, असं मास्तरांना वाटलं आणि त्यांची मान खाली गेली.

दादीनं डोळे पुसले. "तेरा वर्षं झाली त्यांना जाऊन. तेव्हापासून माझ्याशी कोणी भांडतच नाही हो. सगळे नुसते माना डोलावतात."

मास्तर हळूच म्हणाले, "डिक्शनरीबी चुकते कधीकधी, आपा."

"मग निकाहला पुरावा घेऊन या," दादी म्हणाली. "मी काही ऐकणार नाही."