डेव्ह भावाचा भुकेला

आमचे शेजारी अप्पा देवस्थळी जगाच्या अर्धा तास पुढे आहेत. विचारांनी नव्हे. विचारांनी ते नेमके कुठे आहेत हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. मी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाबद्दल बोलतोय. ॲडलेडमध्ये चार वाजले की अप्पांकडे साडेचार वाजलेले असतात, आणि अप्पा त्या साडेचाराशी इमान राखून वागतात. सहाला जेवायला बोलावलं की साडेपाचला बेल वाजते. मी टॉवेलवर, माझी बायको मीनल तोंडाला मुलतानी माती फासलेली, कुकरची एक शिट्टी झालेली नाही, आणि दारात अप्पा, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी.

"उशीर नाही ना झाला?"

"अप्पा, घड्याळ नीट लावा हो!"

"नीटच आहे. व्हिक्टोरियाचं आहे."

या देशात राज्य बदललं की वेळ बदलते. शेजारचं व्हिक्टोरिया आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे. आणि अप्पांचे घोडे तिकडे धावतात. अप्पांचे म्हणजे मालकीचे नव्हेत. अप्पांच्या मालकीची एक जुनी गाडी आणि दोन कढीपत्त्याच्या कुंड्या आहेत. पण उड्यांच्या शर्यती, म्हणजे घोड्याने नुसतं पळायचं नाही, वाटेतली कुंपणंही ओलांडायची, त्या आमच्या राज्यात बंद झाल्या आणि तिकडे अजून चालतात. म्हणून अप्पांचं शरीर ॲडलेडच्या मॉसन लेक्समध्ये आणि मनगट व्हिक्टोरियात.

माणूस इंजिनिअर. आयुष्यभर पाण्याच्या मोठमोठ्या नळांची गणितं केली. 'देवस्थळी' उच्चारता उच्चारता ऑफिसातल्या गोऱ्यांचे दात पडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्याचं 'डेव्ह' करून टाकलं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी तळ्याकाठी फिरायला येणारे लोक अजून "हाउ आर यू, डेव्ह?" म्हणून हाक मारतात. थांबून नाही मारत, कारण अप्पा थांबत नाहीत. ते चालताना चहा पितात, उभ्याने जेवतात, आणि बसलेच तर त्यांचा उजवा पाय हलायला लागतो. साधासुधा नाही हलत. आमच्या सोफ्याच्या एका टोकाला अप्पा बसले की दुसऱ्या टोकाला मीनलच्या कपातला चहा बशीत उतरतो. "भूकंप येऊन गेला," असं ती त्यांच्यामागे म्हणते. आणि पुढच्या रविवारी पुन्हा बोलावते.

अप्पांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाला एकच शब्द पुरतो. भाव.

"घोडा बघायचा नाही राजा, भाव बघायचा." मला ते राजा म्हणतात. माझं नाव राजा नाही. "कुठला घोडा जिंकेल हे बघणारे मूर्ख. बघायचं काय? समज, एक घोडा दहादा धावला तर दोनदा जिंकेल. आणि बाजार समजतोय की एकदाच जिंकेल. म्हणजे काय झालं?"

"काय झालं?"

"भाव चुकलाय! लावायचे. तो हरला तरी लावणं बरोबरच."

"आणि हरला तर पैसे?"

"तू बँकेत नोकरी करतोस, म्हणून तुला असले प्रश्न पडतात."

उड्यांच्याच शर्यती का, यालाही उत्तर तयार. सपाटीवर पळून ज्यांचं काही झालं नाही ते घोडे इथे येतात. लोक त्यांचा सपाटीवरचा वेग बघतात आणि फसतात. वेग नसलेलं एखादं जनावर चिखलात, तिसऱ्या फेरीत, बाकीचे धापा टाकत असताना मुकाट्याने कुंपणामागून कुंपण ओलांडत येतं. "त्याचा भाव कुणाला काढता येत नाही," अप्पा म्हणतात. "आपणही तसेच. पुण्यात कोण विचारत होतं?"

हा भाव त्यांनी शर्यतीपुरता ठेवला असता तर ते लोकप्रिय झाले असते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुलकर्णी वहिनींनी कौतुकाने भावी जावयाचा फोटो दाखवला. सिडनीत, पॅरामॅटाला बँकेत मोठ्या हुद्द्यावर, उंच, गोरा, दातांची जाहिरात करावी असा. अप्पांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, पाय हलवला आणि निकाल दिला, "फेव्हरिट आहे, सगळे याच्यावरच लावतील. व्हॅल्यू नाही." वहिनींनी त्यांना त्या वर्षी मोदक वाढला नाही. मी आपला मधे पडायला म्हणालो, "वहिनी, मनावर घेऊ नका. देव भावाचा भुकेला म्हणतात ना, आमचा हा डेव्हही." त्यावर मलाही वाढला नाही.

इथपर्यंत मी तुम्हाला हसवलं. आता सईबद्दल सांगायला हवं.

सई ही अप्पांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, बापलेकींनी एकमेकांना सांभाळलं. सई मेलबर्नला, म्हणजे व्हिक्टोरियातच, नोकरीला गेली, आणि पाच वर्षांपूर्वी एकदा हौसेने बाबाबरोबर शर्यत बघायला आली. पुढचं मला अप्पांनी तळ्याभोवती चालता चालता सांगितलं. बसून त्यांना ते सांगता आलं नसतं. एक तपकिरी घोडा कुंपणाला अडखळून पडला, तो उठला नाही. माणसं धावली, घोड्याभोवती हिरवा पडदा धरला गेला आणि पडद्याआड त्याला कायमचं झोपवलं. सईने बाबाचा हात घट्ट पकडला. त्या घोड्याच्या उड्या कच्च्या होत्या, म्हणून त्याच्यावर कुणी फारसं लावलं नव्हतं. आणि अप्पांच्या तोंडून, निव्वळ सवयीने, निघून गेलं, "भाव बरोबरच होता."

सईने हात सोडला. तेव्हापासून ती बापाशी बोलत नाही. फोन उचलत नाही. आणि दर वर्षी त्या शर्यतीच्या दिवशी मेलबर्नहून येऊन, शर्यती बंद करा म्हणणाऱ्यांबरोबर फाटकाबाहेर फलक घेऊन उभी राहते.

"आणि तरी तुम्ही दर वर्षी जाता?" मी विचारलं.

"जातो."

"सात तास गाडी चालवून?"

"रस्ता चांगला आहे," अप्पा म्हणाले आणि चालण्याचा वेग वाढवला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पोरीपेक्षा घोडे मोठे? पण यंदा अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, आणि अप्पा काळा चष्मा लावून आमच्या दारात उभे राहिले. "राजा, तू चालवशील?" त्यांनी कधी काही मागितलेलं नव्हतं. मीनलने आतूनच सांगितलं, "चालवेल."

पहाटे पाचला निघायचं ठरलं. साडेचारला हॉर्न वाजला.

सात तास शेजारी बसून अप्पांनी त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबला. त्या दिवशी धावणाऱ्या प्रत्येक घोड्याचा भाव मला पाठ करून दाखवला. कांगारू आडवा येण्याचा भाव काढला. पेट्रोल पंपावरच्या सँडविचने पोट बिघडण्याचाही काढला. मला खोडी काढायची लहर आली. "अप्पा, सई आज बोलेल, याचा भाव काय?"

अप्पांनी हात पुढे केला. "थर्मास दे."

गाव समुद्राकाठचं आहे. नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी आमचं मंडळ बस करून कांदेपोह्यांसकट तिथे पोचेल. फाटकाबाहेर वीसेक माणसं फलक धरून उभी होती. नारिंगी रेनकोटातली सई मी लगेच ओळखली. तिचाही उजवा पाय हलत होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती मंडळी "शेम! शेम ऑन यू!" म्हणून ओरडत होती. हॅट घातलेल्या बायका माना फिरवून जात होत्या. एक जाडा गृहस्थ म्हणाला, "नो वरीज, लव्ह!"

अप्पांनी कोट झटकला, केसांवरून हात फिरवला आणि सरळ तिच्या समोरून, शक्य तितक्या हळू, चालायला लागले. या माणसाला हळू चालता येतं हे मी पहिल्यांदा बघितलं.

सईने फलक खाली केला. "लाज नाही वाटत, बाबा?" ती ओरडली.

मी शरमेने अर्धा झालो. अप्पा आत आले, माझा दंड धरला. चेहरा असा फुललेला, की जणू सगळ्या शर्यती एकदम जिंकले.

"ऐकलंस?"

"ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं."

"मराठीत म्हणाली! सगळ्यांना इंग्रजीत, मला एकट्याला मराठीत. गेल्या वर्षी नुसतं 'शी, बाबा' म्हणाली होती. यंदा आख्खं वाक्य!"

माझा राग तिथेच कुठेतरी फाटकाबाहेर राहिला.

आत अप्पांनी मला एक घोडा सांगितला. नाव 'रस्टी लेटरबॉक्स'. दिसायलाही तसाच. "भाव सपशेल चुकलाय," अप्पा म्हणाले. मी पैसे लावायच्या खिडकीवर जाऊन दहा डॉलर लावले. मागे वळून बघतो तर अप्पा हात खिशात घालून उभे.

"तुम्ही नाही लावत?"

"नाही."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

घोडे सुटले, आणि पाच वर्षं दर वर्षी इतक्या लांब येणाऱ्या या माणसाने मैदानाकडे पाठ केली. समोर मटणाच्या 'पाय'ची, म्हणजे इथल्या पॅटिसची, टपरी होती, तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. उजवा पाय सुटलेला. प्रत्येक कुंपण आलं, की लोकांच्या आवाजावरून त्यांना कळायचं.

"सगळे?" ते विचारायचे.

"सगळे," मी सांगायचो.

"सगळे?"

"सगळे."

"सगळे?"

"एक पडला, अप्पा."

माझ्या बाहीवर त्यांची मूठ आवळली. "घोडा?"

"उठला. जॉकीपण उठला. दोघं दोन दिशांना चाललेत, भांडण झाल्यासारखे."

मूठ सुटायला वेळ लागला. लेटरबॉक्स चौथा आला. अप्पांनी विचारलंही नाही.

"अहो, मग सांगून टाका ना तिला," मी वैतागून म्हणालो. "की तुम्ही लावत नाही, बघतसुद्धा नाही!"

"सांगितलं, तर पुढच्या वर्षी तिने ओरडायचं कशावरून?" अप्पा म्हणाले. "ओरडली नाही, तर बोलेल काय माझ्याशी?" आणि मला शपथ घातली. मीनलची घातली, म्हणजे बघा.

मंडळी, माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. शेवटच्या शर्यतीनंतर फाटकाकडे येताना ती माझ्या दातांपर्यंत आली होती. बाहेर बहुतेक जण पांगले होते. सई एकटी दोरी गुंडाळत होती, पाठमोरी. अप्पा पुन्हा तसेच हळू तिच्या बाजूने निघाले. ती वळली. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आत जाताना गर्दीत तिने काळा चष्मा पाहिला नसावा.

"डोळ्याला काय झालं?"

अप्पा थांबले. पाय मात्र सुरू. "काही नाही. मोतीबिंदू."

"कधी?"

"झाले पंधरा दिवस."

"आणि गाडी चालवत आलास?"

अप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ओळखीचं हसलो, जीभ दातांखाली धरून.

"ड्रॉप्स कोण घालतं?"

"मीच घालतो."

"त्यांचा नेम लागत नाही. निम्मे गालावर जातात," मी म्हणालो. एवढ्याची शपथ नव्हती.

"शेवटचे कधी घातलेस?"

"बाराला."

सईने मोबाईल बघितला. "आमच्या बाराला की तुमच्या?"

अप्पांनी मनगट थोडं पुढे केलं, एखादी वस्तू परत करावी तसं. "तुझ्या," ते म्हणाले.

सई त्या घड्याळाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या मोबाईलकडे. मग पुन्हा घड्याळाकडे. कुणाला तरी तिने रागाने ओरडून इंग्रजीत सांगितलं, की व्हॅन निघू दे, मी येते मागून. फलक कुंपणाला टेकवून ठेवला, 'शेम' हा शब्द उलटा. तिथेच एक लाकडी बाक होता.

"बस इथे. बाटली दे. मान वर कर."

अप्पा बसले. चष्मा काढला, मान वर केली. सईने एका हाताने त्यांची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने बाटली.

"हलू नकोस हं, बाबा."

मी अप्पांच्या उजव्या पायाकडे बघितलं. हलला नाही.